तळहात वर होत नाही

डॉक्टरांच्या नोंदींमध्ये माझ्याबद्दल एकच वाक्य सात वेळा आलं होतं. पेशंट बरी आहे, तक्रार नाही. ते वाक्य मीच त्यांच्या तोंडात घातलं होतं. दार उघडून आत येता येता ते विचारायचे, कशा आहात, आणि मी म्हणायचे, ‘फाइन, थँक यू.’ साताऱ्यात माझी आई तापाने फणफणलेली असली तरी दारात आलेल्या माणसाला ‘बरं आहे’ असंच सांगायची. मी तिचीच मुलगी. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकला, मिडलसेक्स काउंटीच्या कोर्टात, माझ्या अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात, समोरच्या वकिलांनी ती सातही पानं ज्युरीला, म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांना, सावकाश वाचून दाखवली. प्रत्येक पानानंतर ते थांबायचे आणि मला विचारायचे, ‘हे तुम्हीच सांगितलं होतं ना?’ मी सातही वेळा ‘हो’ म्हणाले.

अपघात २०१५ चा, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातला. ओक ट्री रोडवरच्या एका दुकानातून चकलीची भाजणी आणि पोहे घेऊन मी पार्किंगमधून चालले होते. एका गाडीने मागे न बघता रिव्हर्स घेतला. धक्का फार मोठा नव्हता, पण मी पडले आणि पडताना माणूस जे करतो तेच केलं, उजवा हात टेकवला. मनगटाचं हाड मोडून जागेवरून सरकलं. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी आणि स्क्रू बसले. दहा आठवड्यांनी मी कामावर गेले. मी फार्मसीत काम करते, बसून राहणं परवडणारं नव्हतं. घरी आईला ऑपरेशनचं तीन आठवडे कळू दिलं नाही.

इथल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट कळकळीने सांगते. न्यू जर्सीत गाडीचा विमा घेताना एक पर्याय विचारतात, दावा करण्याच्या हक्कावर मर्यादा चालेल का? चालेल म्हटलं की हप्ता कमी होतो. आम्ही विमा ऑनलाइन घेतला तेव्हा विचार न करता ‘चालेल’वर क्लिक केलं होतं. त्याचा अर्थ असा, की कुणी तुम्हाला गाडीने उडवलं तरी दुखण्याची, त्रासाची भरपाई मागायला कायद्याने ठरवलेल्या मोजक्या दुखापतींपैकीच एखादी झालेली असावी लागते. कायमस्वरूपी दुखापत त्यात येते, जागेवरून सरकलेलं हाड येतं. माझं हाड सरकलेलं होतं म्हणून माझा दावा उभा राहू शकला. नुसता लिगामेंट फाटला असता तर आधी तो कायमचा आहे हे सिद्ध करण्यातच दमछाक झाली असती. विम्याचे कागद आज रात्री काढून बघा.

दवाखान्याचा खर्च माझ्याच गाडीच्या विम्यातून गेला. मी पायी चालत होते तरीही. इथे तशी सोय आहे, तिला पीआयपी म्हणतात. समोरच्या बाजूने आधी मी फोनमध्ये बघत चालले होते असा पवित्रा घेतला, नंतर तो सोडून दिला आणि चूक त्यांचीच हे मान्य केलं. म्हणजे बिलांचा वाद नाही, चुकीचा वाद नाही. ज्युरीपुढे उरला एकच प्रश्न, या बाईच्या दुखण्याचे पैसे किती?

हा प्रश्न मला तेव्हा असभ्य वाटला होता. खरं सांगायचं तर दावा करायलाच मी तयार नव्हते. दोन वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो. सव्वा वर्ष मी नुसतीच चालढकल केली. आपण पडलो, हात मोडला, जोडला, संपलं. त्यावर पैसे मागायचे म्हणजे हात पसरायचा, असं मनात घट्ट बसलेलं. नवरा म्हणाला, ‘अगं, रोज सकाळी कुकरचं झाकण मी उघडून देतो, ते कोणत्या हिशेबात धरायचं?’ त्यानंतर वकील शोधले.

वकीलबाई इटालियन वंशाच्या, साठीच्या आसपासच्या. फी आधी द्यायची नसते. मिळालेल्या रकमेतून आधी केसचा खर्च वजा होतो आणि उरलेल्याचा जास्तीत जास्त एक तृतीयांश त्यांचा, हे इथल्या नियमातच आहे. काही मिळालं नाही तर फी नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या नोंदी वाचल्या, चष्मा काढला आणि विचारलं, ‘तुम्ही खरंच इतक्या बऱ्या आहात?’

पुढची दोन वर्षं प्रश्नोत्तरांचे कागद, शपथेवर जबानी, आणि समोरच्यांनी नेमलेल्या डॉक्टरांची तपासणी. नवऱ्याने घड्याळ लावलं होतं, तपासणी बारा मिनिटांत आटोपली. त्यांनी मनगट वाकवलं, मूठ आवळायला लावली, आणि अहवालात लिहिलं की हाड उत्तम जुळलं आहे. ते खोटं नव्हतं. हाड उत्तम जुळलंच आहे. मग कोर्टानेच लावलेली लवादाची एक फेरी झाली. ती इथे गाडीच्या दाव्यांना सक्तीची असते, पण निर्णय बंधनकारक नसतो, तीस दिवसांत कुणीही नाकारून ज्युरी मागू शकतो. समोरच्यांनी नाकारला.

ज्युरी म्हटल्यावर फोनवर बाबा एकदम जागे झाले. ‘म्हणजे नानावटीसारखी?’ त्यांच्या पिढीला ज्युरी म्हणजे नौदल अधिकारी नानावटींवरचा १९५९ चा मुंबईतला तोच खुनाचा खटला. त्यानंतर आपल्याकडे ज्युरी मागे पडत गेली आणि पुढे बंदच झाली. भरपाई ज्युरी ठरवणार हे तर त्यांना पटेचना. त्याला कारणही होतं. आमचा चुलतभाऊ, दादा, पुणे-सातारा रस्त्यावर २०१४ मध्ये गेला, अडतिसाव्या वर्षी. वहिनीने मोटार अपघात न्यायाधिकरणात चार वर्षं खेटे घातले. तिथे तक्ता असतो. सुप्रीम कोर्टाने २००९ साली वयानुसार गुणक ठरवून दिले. छत्तीस ते चाळीस वयाला पंधरा. वर्षाची कमाई घ्यायची, घरात अवलंबून किती त्याप्रमाणे त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा, पंधराने गुणायचं. २०१७ च्या निकालाने पुढच्या कमाईची वाढ किती धरायची तेही ठरवलं, आणि पतीच्या सहवासाला मुकल्याचे चाळीस हजार, अंत्यविधीचे पंधरा हजार हेसुद्धा. वहिनी मला म्हणाली होती, ‘पंधरा हा आकडा मला झोपेतसुद्धा दिसतो.’ पण तिला निदान आकडा कुठून आला ते माहीत होतं.

माझ्या केसमध्ये तक्ता नव्हताच. आणि न्यू जर्सीत त्याहून विलक्षण नियम आहे, वेदनेसाठी किती डॉलर द्यावेत हे वकिलाला ज्युरीपुढे उच्चारताच येत नाही. इथल्या सुप्रीम कोर्टाने ते १९५८ साली ठरवून टाकलं. हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कमध्ये गेलं तर वकील ज्युरीला थेट रक्कम सुचवू शकतो. इथे नाही. शिवाय ‘तुम्ही तिच्या जागी असता तर’ असंही म्हणायचं नाही, तेही वर्ज्य. विम्याचं नाव काढायचं नाही. मी वकीलबाईंना विचारलं, ‘मग तुम्ही बोलणार काय?’ त्या म्हणाल्या, ‘मी तुमच्या घरी येते.’

एका शनिवारी सकाळी त्या खरोखर आल्या. बसायला सांगितलं तर बसल्या नाहीत, माझ्यामागून स्वयंपाकघरात फिरत राहिल्या. ‘रोज करता तेच करा. मला काही समजावून सांगू नका.’ मी कणीक मळली, मळली म्हणजे डाव्या हाताने. लाटणं उजव्या हातात धरलं. पोळी लाटताना मनगट मागे दुमडून त्यावर भार द्यावा लागतो, तो माझ्याने देववत नाही, म्हणून मी लाटणं बोटांनी ढकलते. पोळी गोल होत नाही, एका बाजूला जाड राहते. त्यांनी पोळ्या मोजल्या. चौथ्या पोळीनंतर मी हात झटकला, हे मला कधी कळलंच नव्हतं. त्यांनी वहीत लिहिलं, चौथ्या पोळीनंतर.

मग मी आंघोळ झाल्यावर करते तशी देवापुढे उभी राहिले, दिवा लावला आणि तीर्थ घेतलं. घेताना डाव्या हाताने उजव्या हाताचं कोपर पोटाशी दाबून धरलं आणि अख्खी उजवीकडे झुकले. वकीलबाई दारात उभ्या होत्या. ‘हे काय केलंत?’

मी म्हटलं, ‘तीर्थ घेतलं.’

‘ते नाही. अशा वाकड्या का झालात?’

तेव्हा पहिल्यांदा मी मोठ्याने म्हणाले की तळहात वर होत नाही. मनगटाजवळची ती फिरकी अर्ध्यावर अडते. निरोगी माणसाचा तळहात पूर्ण आकाशाकडे होतो, माझा तिरपा राहतो. पाणी घेतलं की करंगळीवरून ओघळतं. म्हणून मी खांद्यातून झुकून हात सपाट करते. देवळात, हळदीकुंकवाला, कुणी प्रसाद दिला की डावा हात खाली लावते. लोकांना वाटतं मी फार नम्र आहे. दुकानात सुट्टे पैसे परत घेताना नाणी पडतात. हे सगळं चार वर्षं रोज चाललं होतं आणि एकाही डॉक्टरला मी सांगितलं नव्हतं. कारण कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी हे काय सांगायचं, असंच वाटलं असतं.

वकीलबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी स्वतःचा उजवा तळहात डाव्या तळहातावर ठेवून पुढे केला. ‘आम्हीही चर्चमध्ये असाच हात पुढे करतो,’ म्हणाल्या.

सोमवारी ज्युरीची निवड. दिवाणी खटल्यात इथे सहा जण निकाल देतात, पण आठ बसवतात. विचारविनिमयाला जाण्याआधी चिठ्ठी काढून दोघांना बाजूला करतात. तोपर्यंत कुणालाच कळत नाही कोण सुटणार, त्यामुळे आठही जण कान देऊन ऐकतात. न्यायाधीशांनी प्रत्येकाला विचारलं, भरपाईचे दावे करणाऱ्या लोकांबद्दल तुमचं मत काय? एक गृहस्थ म्हणाले, ‘मी दोनदा बर्फावरून पडलोय, कोर्टात नाही गेलो.’ त्यांना घरी पाठवलं. मला त्यांचा राग आला नाही. दावा करायच्या आधी मीही हेच म्हटलं असतं. ज्यांच्याबद्दल धास्ती वाटली त्या दुसऱ्याच, आपल्यासारख्या दिसणाऱ्या एक पन्नाशीच्या बाई. नवऱ्याला बरं वाटलं, आपलं माणूस आहे. माझ्या पोटात गोळा आला. त्या सोसणाऱ्या घरातल्या असणार. ‘त्यात काय एवढं’ हे वाक्य त्यांच्याही घरात असणार. त्या राहिल्या.

पहिल्या दिवशी मला सगळ्यात जड गेलं ते गाडी चालवणाऱ्या बाईंकडे बघणं. खटला त्यांच्या नावावर. सत्तरीच्या, पांढरा स्वेटर, हातात पर्स घट्ट धरलेली. ज्युरीला विम्याचं काहीच सांगायचं नसतं, त्यामुळे समोर दिसत होती एक आजी आणि तिच्याकडून पैसे मागणारी मी. मधल्या सुट्टीत लिफ्टपाशी त्या आणि मी समोरासमोर आलो. त्यांनी मान खाली घातली, मीही घातली. त्या क्षणी सगळं सोडून घरी जावं असं वाटलं. त्याच दिवशी व्हरांड्यात समोरच्यांनी नव्वद हजारांचा प्रस्ताव दिला होता. मी वकीलबाईंना म्हटलं, घेऊन टाकूया. त्या म्हणाल्या, ‘तुमचा निर्णय. पण हात दुखायचा थांबलाय म्हणून घेताय की लाज वाटते म्हणून?’ मी तो घेतला नाही.

माझ्या सर्जनची साक्ष आधीच चित्रित केलेली होती, ती पडद्यावर दाखवली. मनगटाच्या एक्स-रेमधली पट्टी आणि स्क्रू मोठे करून दाखवल्यावर पुढच्या रांगेतल्या तरुण मुलाने नकळत स्वतःचं मनगट धरलं. पकडीचा जोर मोजण्याचं यंत्र असतं, त्यावर डावा हात सव्वीस किलो, उजवा सोळा. मी उजव्या हाताची.

मग माझी साक्ष, आणि ती सात पानं. शेवटी समोरच्या वकिलांनी माझा फेसबुकवरचा फोटो लावला, २०१७ चा गणपती, नऊवारी, नथ, आरतीचं ताट, आणि मी हसते आहे. ‘आनंदात दिसताय,’ ते म्हणाले. मी म्हटलं, ‘होते.’ ते अतिशय सभ्य गृहस्थ होते, आवाज एकदाही चढवला नाही.

माझ्या वकीलबाई पुन्हा उठल्या. त्यांनी तो फोटो काढायला लावला नाही, तसाच ठेवला. विचारलं, ‘ऑपरेशननंतर आईचा पहिला फोन आला तेव्हा तिने काय विचारलं?’

‘कशी आहेस.’

‘तुम्ही काय सांगितलंत?’

‘बरी आहे.’

‘तेव्हा हात कुठे होता?’

‘गळ्यात. फोन नवऱ्याने धरला होता.’

मग त्या म्हणाल्या, ज्युरीला तीर्थ कसं घेतात ते दाखवा. मी उभी राहिले. सवयीने कोपर दाबायला डावा हात पुढे आला, त्या म्हणाल्या, डावा हात मागे घ्या, झुकू नका. मी उजवा हात पुढे केला आणि फिरवला. जिथे अडतो तिथे तो अडला. त्या काहीच बोलल्या नाहीत. न्यायाधीशही थांबले. मी तो तिरपा हात आठ अनोळखी माणसांपुढे धरून उभी होते. चार वर्षं पदराखाली झाकलेली गोष्ट होती ती. मला रडू आलं नाही, हात मात्र थरथरत होता, कारण त्या स्थितीत तो दुखतोच.

समारोपात इथे बचावाचा वकील आधी बोलतो, दावा करणाऱ्याचा शेवटी. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बाई चांगल्या आहेत, कष्टाळू आहेत, नोकरी करतात, गाडी चालवतात, दोनदा भारतात जाऊन आल्या. वाजवी द्या, पण सहानुभूतीपोटी देऊ नका. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

वकीलबाईंनी फळ्यावर तीनच आकडे लिहिले. ३३, आयुर्मानाच्या कोष्टकाप्रमाणे माझी उरलेली वर्षं. खाली १२,०४५, त्यांचे दिवस. खाली १६, रोजचे जागेपणीचे तास. डॉलरचं चिन्ह कुठेच नाही. वेळेचा हिशेब मांडायला परवानगी आहे, त्याला रक्कम चिकटवायला नाही. मग म्हणाल्या, ‘एका पोळीचं दुखणं फार मोठं नाही, हे मीही कबूल करते. तुम्हाला एका पोळीचं विचारलेलंच नाही.’ आणि सात पानांबद्दल म्हणाल्या, ‘या नोंदी खऱ्या आहेत. या बाईंनी कधीही वाढवून सांगितलं नाही याचा तो सात वेळा मिळालेला पुरावा आहे.’ मी खाली बघत होते. जे वाक्य मला बुडवणार म्हणून चार रात्री झोप नव्हती, ते त्यांनी उलटं करून टेबलावर ठेवलं होतं.

न्यायाधीशांनी ज्युरीला आधी बजावलं की तासांचा हिशेब हा फक्त युक्तिवाद आहे, पुरावा नव्हे. मग जे सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. वेदनेला पैशात मोजायचा कुठलाही तक्ता वा सूत्र कायदा देत नाही. वेदना म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे, पैसा म्हणजे काय हेही ठाऊक आहे. त्या दोहोंची सांगड घालायला उच्च प्रतीचा माणुसकीचा विवेक लागतो, आणि तुमच्या निःपक्षपाती अनुभवाहून चांगलं माप कायद्याकडे नाही. मला वहिनीचा पंधरा आठवला. तिच्या वाट्याला निश्चिती आली होती, पण दादा रोज रात्री मुलीची वेणी घालायचा, हे तिला कुठे सांगताच आलं नाही, कारण ते कुठल्या रकान्यात बसत नव्हतं. माझ्या वाट्याला रकानाच नव्हता, पण मला पोळीपर्यंत सगळं सांगता आलं. यात कोणतं बरं, ते मी ठरवू शकलेले नाही. एखादी ज्युरी हात झटकूनही उठली असती.

दोन चिठ्ठ्या निघाल्या. आपल्यासारख्या दिसणाऱ्या बाई ज्युरीतच राहिल्या. सहापैकी पाच जणांचं एकमत लागतं. दोन तासांनी त्यांनी एक्स-रे पुन्हा बघायला मागितला. आणखी पाऊण तासाने दारावर टकटक झाली. एक लाख पासष्ट हजार डॉलर. खर्चाचे अठरा हजार, वकिलांचे एकोणपन्नास हजार, मला अठ्ठ्याण्णव हजार, व्याज सोडून. शारीरिक दुखापतीच्या भरपाईवर आयकर लागत नाही. न्यायाधीशांनी एकेकाला विचारलं, निकाल मान्य? पाच जण हो म्हणाले. एक जण नाही म्हणाला. तो मनगट धरणारा तरुण मुलगा होता. त्याला जास्त द्यायचे होते की कमी, हे मला कधी कळणार नाही, ज्युरीला विचारायची मुभा वकिलांनाही नसते. त्या बाईंनी हो म्हटलं, माझ्याकडे न बघता.

त्या रविवारी लक्ष्मीपूजन होतं. वहिनीचा फोन आला, ‘किती लावला गं गुणक?’ मी म्हटलं, इथे गुणक नसतो वहिनी. ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘मग कसं ठरवलं?’ मी तिला चौथ्या पोळीचं सांगितलं. ती रडली, आणि पहिल्यांदा मला दादाच्या वेणीचं सगळं सांगत बसली, तासभर.

नोव्हेंबरात सर्जनकडे गेले. दार उघडून ते आत आले आणि म्हणाले, कशा आहात? मी पर्समधून घरून लिहून आणलेला कागद काढला. थंडीत सकाळी मनगट आखडतं, सोडवायला वीस मिनिटं लागतात. बरणीचं झाकण उघडत नाही. तळहात वर होत नाही. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि लिहायला लागले.